रणगाड्यावरील ग्रंथाची पारख

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे लेखणी झिजविलेल्या माणसाला रणगाड्यांविषयी बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात प्रथम उभा राहील, आणि तो योग्यच आहे. रणगाडा आम्ही पाहिला तो प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, संग्रहालयात. तो चालविणे तर दूरच, त्याच्या आत डोकावण्याचाही योग आम्हांस आलेला नाही. परंतु कोणता कागद मूळ आहे, कोणता त्याची खरी नक्कल आहे आणि कोणता नकलेची नक्कल आहे, हे ओळखण्याचे काम आम्ही रोज करीत आलो आहोत. प्रस्तुत लेख तेवढ्याच अधिकारात लिहिला आहे.

निमित्त घडले ते असे. बेंगळुरूत आमच्या वसाहतीत मराठी कुटुंबे सहा-सातच आहेत. मुलांचे मराठी सुटू नये म्हणून आम्ही मंडळींनी एक पुस्तकांचे कपाट चालविले आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा मुलांची भाषणे ठेवतो. गेल्या १६ डिसेंबरला, विजयदिनी, तेरा वर्षांचा एक मुलगा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर बोलला. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, त्यांचा रिसाला पूना हॉर्स. तेव्हा विषय आपल्या घरचाच होता. मुलगा छान बोलला. ‘त्यांनी एकट्याने शत्रूचे दहा रणगाडे फोडले’ या वाक्यावर टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, त्याला जवळ बोलावून म्हणाले, “बाळ, दहा नव्हेत, चार.” मुलाचा चेहरा उतरला. तो आमच्याकडे वळून म्हणाला, “काका, मग पुस्तकात खोटं छापतात का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की, कपाटाच्या निधीतून या विषयावरचा एक चांगला संदर्भग्रंथ घेऊ आणि त्यात पाहू. खेत्रपालांचा रणगाडा होता सेंच्युरियन. सेंच्युरियनवरील एक उत्तम ग्रंथ निवडणे एवढेच काम आमच्याकडे आले. पण ते वाटले तितके सोपे निघाले नाही.

या शोधात आम्ही ब्रिगेड रोड व चर्च स्ट्रीट या भागातील जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली. हिंडता हिंडता एक गोष्ट आठवली. हा सारा परिसर जुन्या लष्करी छावणीचा. या छावणीत १८९६ च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार्स या ब्रिटिश घोडदळातील एक तरुण अधिकारी दाखल झाला. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. सकाळची कवायत आणि सायंकाळचा पोलो यांच्यामधल्या उन्हाच्या वेळात तो बंगल्यात बसून वाचीत असे. त्याच्या आईने विलायतेहून पाठविलेल्या ग्रंथांत गिबन आणि मेकॉले होते, तसेच दरवर्षीच्या घडामोडींची जंत्री देणाऱ्या ‘अ‍ॅन्युअल रजिस्टर’ या संदर्भग्रंथाचे खंडही होते. त्यातील एखादा वादविषय वाचण्यापूर्वी तो आपले स्वतःचे मत कागदावर मांडी, मग खंड उघडी आणि पुन्हा आपले मत तपासी. पुढे १९१५ च्या फेब्रुवारीत, नौदलमंत्री असताना, याच गृहस्थाने ‘जमिनीवरील जहाजा’ची कल्पना पुढे नेण्यासाठी समिती नेमली. त्या कल्पनेतून निघालेली यंत्रे १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरली. गुप्तता राखण्यासाठी कारखान्यात त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणत. तेच ‘टँक’ हे नाव इंग्रजीत कायम झाले. मराठीने मात्र टाकीचा नाद सोडून ‘रणगाडा’ हा स्वतंत्र आणि कितीतरी अर्थवाही शब्द घडविला. चर्चिलच्या राजकारणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. त्याची वाचनाची रीत मात्र घेण्यासारखी आहे: आपल्याला काय विचारावयाचे आहे ते आधी ठरवावे, आणि मग ग्रंथ उघडावा.

आता या रणगाड्याविषयी थोडेसे. सेंच्युरियनची आखणी इंग्लंडमध्ये १९४३ साली सुरू झाली. जर्मन रणगाड्यांपुढे ब्रिटिश रणगाडे तोकडे पडत होते, आणि जाड चिलखत, मोठी तोफ व पुरेसा वेग ही तिन्ही एकाच गाड्यात आणण्याचा हा प्रयत्न होता. १९४५ च्या मे महिन्यात पहिले सहा नमुने युरोपच्या भूमीवर पोहोचले, तोवर युरोपातील युद्ध संपले होते. ज्या युद्धासाठी तो घडला ते त्याला लाभले नाही. बाकीची बहुतेक लाभली. कोरिया, सुवेझ, पंजाब, व्हिएतनाम, गोलनचे पठार अशा कित्येक ठिकाणी तो लढला. १९६२ पर्यंत चार हजारांहून अधिक सेंच्युरियन तयार झाले. वजन सुमारे ५१ टन, आत चार माणसे आणि ६५० अश्वशक्तीचे मिटिऑर इंजिन. हे इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचेच भूमीवर उतरविलेले रूप. तोफ मात्र दोनदा बदलली: प्रथम १७ पौंडी, मग २० पौंडी, आणि शेवटी १०५ मिलिमीटरची.

या शेवटच्या वाक्यातच ग्रंथाच्या पारखीची पहिली कसोटी दडलेली आहे. सेंच्युरियन हा एक रणगाडा नव्हे. ते एक घराणे आहे. मार्क १ पासून मार्क १३ पर्यंत त्याच्या पिढ्या झाल्या आणि त्यांत पोटभेदही पडले. भारताने घेतलेले सेंच्युरियन मुख्यतः मार्क ७ वर्गाचे. मूळच्या मार्क ७ वर २० पौंडी तोफ असते. तिच्या नळीचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर. त्याच गाड्यावर १०५ मिलिमीटरची तोफ चढविली की ब्रिटिश नोंदीप्रमाणे तो मार्क ७/२ होतो. असे असता १९६५ च्या युद्धाविषयीच्या कित्येक लेखांत ‘मार्क ७, तोफ १०५ मिलिमीटर’ अशी नोंद बिनदिक्कत आढळते. कोणीतरी एकदा लिहिले आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतले. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर बारनिशीत एकदा चुकीचा क्रमांक पडला, की पुढची प्रत्येक टिपणी तोच क्रमांक मिरवीत जाते. म्हणून ग्रंथ हाती घेतल्याबरोबर हे एक पान आधी उघडावे. ज्या ग्रंथकाराला पिढ्यांचे हे भेद नीट सांगता येत नाहीत, त्याची चित्रे कितीही सुंदर असोत, ग्रंथ परत फळीवर ठेवावा.

दुसरी कसोटी छायाचित्रांखालच्या ओळींची. भारतात ठिकठिकाणी मांडलेले पाकिस्तानी पॅटन आपण पाहतो. त्यांत एम-४७ आणि एम-४८ असे दोन भिन्न रणगाडे असतात. एम-४७ मध्ये पाच माणसे बसत, आणि चालकाशेजारी बसणाऱ्यासाठी पुढे एक मशीनगन असे. एम-४८ मध्ये चारच माणसे, आणि ती पुढची मशीनगन नाही. जो ग्रंथ दोहोंखाली सरसकट ‘पॅटन’ एवढेच लिहून पुढे सरकतो, त्याच्या आकड्यांवरही मग विसंबवत नाही.

तिसरी कसोटी सूचीची. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची आहे काय, आणि तीत ‘भारत’ या शब्दापुढे पृष्ठे किती आहेत, हे पाहावे. सेंच्युरियनवरील ग्रंथ बहुतेक इंग्लंडात लिहिले गेले. त्यांत कोरिया येतो, इस्राएल विस्ताराने येतो. १९५३ साली अणुस्फोटाच्या चाचणीत उभा करून ठेवलेला आणि त्यातून वाचून पुढे व्हिएतनामात लढलेला ऑस्ट्रेलियाचा सेंच्युरियनही येतो. आणि ती हकीकत खरोखर चित्तवेधक आहे. परंतु फिल्लोरा, चाविंडा, असल उत्तर आणि बसंतर ही नावे जेथे एका परिच्छेदात उरकली असतील, तो ग्रंथ आपल्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणार नाही. यात ग्रंथकाराचा दोष नसेलही. पण गरज आपली आहे. निवडही आपणच केली पाहिजे.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची: युद्धातील यशाचे श्रेय ग्रंथ कोणाला देतो? असल उत्तरचेच उदाहरण घ्या. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत खेमकरण भागात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा हल्ला मोडला. पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले वा हाती लागले, हा भारतीय बाजूचा आकडा सर्वत्र आढळतो. सेंच्युरियनचा अभिमानी ग्रंथकार हे सारे सेंच्युरियनच्या पदरात घालील. पण तेथे सेंच्युरियन होते ते थर्ड कॅव्हलरी या एका रिसाल्याकडे. डेक्कन हॉर्सकडे महायुद्धातले शेरमन होते आणि आठव्या लाइट कॅव्हलरीकडे हलके फ्रेंच रणगाडे. शिवाय शेतांत पाणी सोडून केलेला चिखल होता, उभा ऊस होता, सुरुंग होते, तोफखाना होता. आणि जीपवर बसविलेल्या तोफेने पॅटन टिपणारे चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद होते, ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या रणात चिखलानेही रणगाडे थांबविले, हे जो ग्रंथ सांगत नाही तो यंत्राची जाहिरात होय, इतिहास नव्हे.

याच कसोटीची दुसरी बाजू आहे: शत्रूच्या हानीचे आकडे शत्रूच्याही कागदांवरून पडताळले आहेत काय? १९६५ मध्ये फिल्लोऱ्याच्या लढाईत जखमी होऊनही मागे न गेलेले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडलेले पूना हॉर्सचे सेनापती लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईचे. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात, रिसाल्याने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले व आपले फक्त नऊ गमावले, अशी नोंद आहे. मानपत्र हा मूळ कागद आहे, आणि तो आदरणीयही आहे. परंतु तो एका बाजूचा कागद आहे, आणि लढाईची धूळ पुरती खाली बसण्यापूर्वीचा आहे. उत्तम ग्रंथकार हा आकडा देईल, तो कोणाचा हे सांगेल, आणि शेजारी पलीकडच्यांचा आकडाही ठेवील. असे करण्याने तारापोरांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. जखमी हात गळ्यात अडकवून रणगाड्यात उभा राहिलेला माणूस साठ या आकड्यावर अवलंबून नसतो.

या कसोट्या लावून आमच्यापुढे जे ग्रंथ उरले त्यांचा हिशेब असा. सायमन डन्स्टन यांचे २००३ सालचे ‘सेंच्युरियन युनिव्हर्सल टँक १९४३–२००३’ हे लहानसे, ४८ पानांचे पुस्तक यंत्राची वंशावळ समजून घेण्यास पुरेसे आहे. त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलेला याच रणगाड्यावरचा मोठा सचित्र ग्रंथ यंत्राची हाडेनहाडे पाहू इच्छिणाऱ्यांसाठी. डेव्हिड हिगिन्स यांचे २०१६ चे पुस्तक पॅटन आणि सेंच्युरियन यांना १९६५ च्या रणात समोरासमोर उभे करते. पण त्याची मर्यादा नावातच आहे: १९६५. आमच्या मुलाचा प्रश्न १९७१ चा. मेजर जनरल गुरचरणसिंग संधू यांचा ‘द इंडियन आर्मर’ हा १९८७ चा ग्रंथ १९४१ ते १९७१ या काळातील आपल्या चिलखती दलाचा इतिहास सांगतो. आणि १९७१ मध्ये ज्यांनी पूना हॉर्सचे नेतृत्व केले त्या हनुतसिंगांनी स्वतःच १९९३ मध्ये आपल्या रिसाल्याचा इतिहास ‘फख्र-ए-हिंद’ या नावाने प्रसिद्ध केला. तो साक्षीदाराचा ग्रंथ; म्हणून मोलाचा, आणि म्हणूनच इतर ग्रंथांशी ताडून वाचण्याचा.

पूना हॉर्सच्या इतिहासाविषयी मराठी वाचकांना येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नावातील पुण्यामुळे हा रिसाला मराठी दौलतीचा वारस आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहान्वये दुसऱ्या बाजीरावावर जो खर्च लादला गेला, त्यातून इंग्रजांनी हे घोडदळ उभारले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेशवाई व इंग्रज यांच्यात युद्ध पेटले तेव्हा ते इंग्रजांच्या बाजूस होते. त्याच रिसाल्याने दीडशे वर्षांनी स्वतंत्र भारतासाठी दोन परमवीरचक्रे मिळविली. इतिहास असा वळणे घेत जातो. सोयीचे तेवढे ठेवून अडचणीचे वगळणारा ग्रंथ आपला अभिमान वाढवील, ज्ञान नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दहा की चार? याचे उत्तर आम्हांस शेवटी विकतच्या ग्रंथात शोधावे लागले नाही. खेत्रपालांच्या परमवीरचक्राचे मानपत्र संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडे जारपालजवळ शत्रूच्या चिलखती दलाचा मोठा हल्ला झाला. त्या लढाईत दहा रणगाडे नष्ट झाले, आणि त्यांपैकी चार अरुण खेत्रपालांनी स्वतः फोडले, असे मानपत्र सांगते. दहा आणि चार हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात शेजारी शेजारी आहेत. पुढे कोणा घाईच्या लेखकाने वाक्याचा पूर्वार्ध उचलला, उत्तरार्ध टाकला, आणि तेथून नकलेची नक्कल सुरू झाली. पुस्तकात खोटे छापले गेले ते कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. अर्धे वाक्य वाचल्याने.

परंतु या अर्ध्या वाक्याने एक अन्याय होतो, आणि तो आमच्या ध्यानी उशिरा आला. त्या सकाळी त्या जागी खेत्रपाल एकटे नव्हते. कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत यांचे रणगाडेही तेथे झुंजत होते. प्रत्येक रणगाड्यात चालक होता, नेमबाज होता, तोफ भरणारा होता. दहाच्या दहा एकाच्या नावे लावले की उरलेले सारे इतिहासातून पुसले जातात. जे दुसऱ्याचे आहे ते वीराच्या नावे जमा करणे हा वीराचा सन्मान नव्हे. तो खरा वीर असेल तर त्यालाच ते प्रथम रुचणार नाही. आणि चार हा आकडा लहान कोणी म्हणावा? गाड्याला आग लागलेली, बाहेर पडण्याचा हुकूम मिळालेला, तरी तोफ चालते आहे म्हणून एकवीस वर्षांचा मुलगा मागे हटत नाही, आणि त्याने टिपलेला शेवटचा रणगाडा त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरांवर असतो. येथे आकडेमोड संपते.

समोरच्या बाजूचा कागदही या प्रकरणी आहे, आणि तो माणसाच्या रूपात आला. २००१ साली खेत्रपालांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, आपल्या जन्मभूमीच्या दर्शनासाठी पाकिस्तानात गेले. त्यांचा पाहुणचार ज्यांनी केला त्या ख्वाजा मोहम्मद नासर यांनी, त्या दिवशी आपल्या पुत्रासमोर उभा असलेला अधिकारी मीच, असे त्यांना सांगितले. आणि त्या पुत्राच्या धैर्याची ग्वाही दिली. शत्रूच्या तोंडची ही साक्ष दहा रणगाड्यांहून जड आहे असे आम्हांस वाटते.

आमचा निर्णय असा झाला. एका ग्रंथाने भागत नाही. यंत्रासाठी डन्स्टन यांचे लहान पुस्तक घेतले, माणसांसाठी संधू यांचा ग्रंथ मिळवावयाचे ठरले, आणि मानपत्राची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटविली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मुले असे प्रश्न विचारतात, त्यांना आमचे सांगणे एवढेच: ग्रंथ घेताना जाडी, चित्रे आणि वेष्टन पाहू नका. त्याचा प्रत्येक आकडा कोठून आला हे तो सांगतो की नाही, तेवढे पाहा. आणि जमल्यास मूळ कागदापर्यंत जा. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पूर्वजांचा आणि वीरांचा आधार अधिक लागतो, आणि म्हणूनच अतिशयोक्तीचा मोहही अधिक होतो. तो आवरलेला बरा.

सुटीत गावी जाताना तो मुलगा वडिलांबरोबर अहिल्यानगरला उतरला आणि संग्रहालयातला सेंच्युरियन पाहून आला. परत आल्यावर त्याने आपले भाषण पुन्हा लिहून आम्हांस दाखविले. दहाच्या जागी चार झाले होते. खाली एक वाक्य नवे होते: बाकीचे सहा कोणी फोडले तेही मला शोधायचे आहे. त्या दिवशी कपाटाचा निधी सार्थकी लागला असे आम्ही समजलो.